रूम नंबर सतराची दिवाळी

टीव्ही घरात आला तेव्हा तो माजघरात ठेवायचा की ओसरीत, यावर आमच्याकडं बरीच वादावादी झाली. मायचं म्हणणं, माजघरात ठेवा, धूळ कमी बसते. विनूभाऊला ते पटलं नाही. माजघरात ठेवला तर बाहेरचं माणूस उंबरा ओलांडून आत यायला लाजेल, आणि मग आपणच आपली तोंडं पाहत बसायचं, असं तो म्हणाला. भाऊला हसताना सोबत लागायची. एखादी गोष्ट आवडली की तो आधी शेजारच्या माणसाच्या मांडीवर चापट मारायचा आणि मग हसायचा. शेवटी टीव्ही ओसरीतच आला. काळा-पांढरा, लाकडी खोक्यातला, समोर सरकत्या दारांचा. त्याचा अँटेना गोठ्याला लागून असलेल्या मातीच्या धाब्यावर एका लोखंडी पाइपाला बांधला. वारा आला की तो पाइप फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या सुटायच्या. मग कोणीतरी शिडीनं वर चढायचं, खालून कोणीतरी ओरडायचं, 'झालं, झालं, आता हात लावू नोको.' वर चढणारी बहुधा मीच असायची, कारण घरात सगळ्यांत हलकी मी होते आणि धाबं जुनं होतं.

त्या काळात रविवारी सकाळी एक मालिका लागायची, 'रूम नंबर सतरा'. हिंदीत होती. मोठ्या शहरातल्या कॉलेजचं होस्टेल, त्यातली एक खोली, खोलीत राहणारी पोरं. त्यांचा म्होरक्या गोल्डी, त्याचा शर्ट कायम बाहेर. समोरच्या मुलींच्या होस्टेलमधली चष्मेवाली रेणू. आणि नाकात बोलणारे वॉर्डनसाहेब, जे नेमके नको तेव्हा दारात उभे राहायचे. प्रत्येक विनोदानंतर न दिसणारी पुष्कळ माणसं एकदम हसायची. मायला त्याचं फार नवल वाटायचं. 'हे कोन हसून राह्यलं वो?' असं ती दर रविवारी विचारायची, आणि भाऊ दर रविवारी तिला नवीन उत्तर द्यायचा. मला मात्र ते हसणं आवडायचं नाही. एकदम सुरू व्हायचं आणि एकदम थांबायचं, जसं कोणी तोंडावर हात ठेवावा. आजही टीव्हीवर तसलं हसणं कानावर आलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. माझ्या मुलीला वाटतं, आईला विनोद कळत नाहीत.

भाऊ स्वतः एक वर्ष यवतमाळच्या होस्टेलमध्ये राहिला होता. बाबा गोठ्याच्या छपरावरून पडले, मांडीचं हाड मोडलं, ते नीट जुळलंच नाही. तेव्हापासून ते एक पाय ओढत चालायचे. घरात कपाशी, सोयाबीन, तुरीचं रान; पाहायला माणूस नाही. भाऊ पेटी घेऊन परत आला. कोणी त्याला बोलावलं नव्हतं, पण तो आला, आणि पुन्हा कधी कॉलेजचं नाव काढलं नाही. फक्त त्या मालिकेच्या वेळी त्याच्या तोंडून काही काही निघायचं. मेसची पोळी अशी पांढरी नसते, जळकी असते. वॉर्डन पायात स्लिपर घालून येतो म्हणून त्याचा आवाज येत नाही. गोल्डी जसा केसांवरून कंगवा फिरवायचा तसा भाऊही फिरवायचा, आणि मग फवारणीचा पंप पाठीला लावून रानात जायचा.

दिवाळीच्या आधी काही दिवस निवेदिकेनं सांगितलं, की लक्ष्मीपूजनाच्या दुपारी 'रूम नंबर सतरा'चा खास चित्रपट दाखवणार, सलग, दिवाळीच्या सुट्टीत होस्टेलवर अडकलेल्या पोरांचा. भाऊनं मांडीवर चापट मारली ती शब्बीरचाचांच्या. शब्बीरचाचा आमच्या शेजारी राहायचे. मोटारी, इंजिनं, फवारणीचे पंप, सगळं दुरुस्त करायचे, आणि त्यांच्याकडं एक जुनी जीप होती, जी ते स्वतःच्या हातानं चालती ठेवायचे. दर दिवाळीला ते आमच्याकडं फराळाला येत आणि दर ईदला शीरखुर्म्याचा डबा आमच्याकडं येई. भाऊनं त्यांना तिथंच निमंत्रण दिलं, फराळाचंही आणि चित्रपटाचंही. जाताजाता चाचा म्हणाले, की तुझ्या पंपाचं वायसर गेलं आहे, पाठीवर गळतो, आणून दे, बदलून देतो. भाऊ म्हणाला, दिवाळी झाल्यावर.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. दसरा झाला तरी आभाळ उघडं पडेना. पराटी, म्हणजे कपाशी, नुसती वाढत सुटली. उंचापुरा माणूस ओळीत शिरला की दिसायचा नाही, फक्त पानं हललेली दिसायची. बोंडं धरली होती, पण भाऊ एक बोंड फोडून घरी घेऊन आला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवलं. आत अळी होती, गुलाबी, गुबगुबीत. बाबांनी ती बराच वेळ पाहिली. दुकानातून आणलेली दवाई गोठ्यात, वर फळीवर ठेवलेली होती. सडक्या लसणासारखा तिचा वास दार बंद असलं तरी यायचा, आणि गाय त्या बाजूला तोंड करत नसे. माय तिला दवाई म्हणायची नाही, जहर म्हणायची.

भाऊनं लक्ष्मीपूजनाच्या सकाळीच फवारा मारायचं ठरवलं. मायनं आदल्या दिवशी करंज्या तळता तळता ऐकलं आणि झारा बाजूला ठेवला.

"सनाच्या दिवशी जहर कायले काढता?" ती म्हणाली. "परवा मारा."

"परवापर्यंत अळी थांबते काय माय? ढग पाय ना वर."

रान भाऊच्या हातात दिल्यापासून बाबा त्याच्या शब्दाच्या मध्ये येत नसत. मायनं पुन्हा झारा उचलला, पण त्या घाण्याच्या करंज्या तिच्याकडून करपल्या, आणि तिच्याकडून करंज्या करपलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

त्याच संध्याकाळी भाऊ मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून तांड्यावर घेऊन गेला, थावरूभाऊला सांगायला. थावरूभाऊ आमच्या रानात सालोसाल यायचा. बंजाऱ्यांचा तांडा आमच्या धाब्यावरून दिसायचा, नाल्याच्या पलीकडं. तो उंच, काटक माणूस होता. तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारायचा की ज्वारीवरचे पोपट एकदम उडून जायचे. मला त्यानंच ती शिकवली होती; मायला आवडत नसे. बैलांशी तो त्याच्या गोरबोलीत बोलायचा आणि आमचे बैल आमच्यापेक्षा त्याचं जास्त ऐकायचे. त्या संध्याकाळी तो घराच्या दाराशी चुना लावत होता. भाऊचं ऐकून त्यानं मान हलवली. उद्या नको म्हणाला. उद्या तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन घरोघर फिरतात, मोठ्यांचा आशीर्वाद मागतात, आणि त्याची रुक्मी त्यांच्यात पहिल्यांदाच निघणार होती. रुक्मी माझ्याच वयाची. आतून आणून तिनं तिचा नवा घागरा मला दाखवला, आरशांची टिकली टिकली मला मोजायला लावली. बाहेर भाऊ म्हणत होता, दुपारपर्यंत मोकळे होतो, मलाही टीव्ही पाहायचा आहे. थावरूभाऊ हसला. चुन्याची कुची बादलीत टाकली आणि येतो म्हणाला. त्याची बायको कमळाबाई मागं उभी होती. आम्ही निघताना तिनं रुक्मीला हाक मारून आत घेतलं, आणि दार लावून घेतलं.

सकाळी वारा नव्हता. पान हलत नव्हतं. मायनं अंगणातल्या चुलीवर पाण्याचं मोठं गंज चढवलं होतं, उटणं भिजवलं होतं, आणि भाऊला न्हाऊन जा म्हणून ती दोनदा दारात आली. भाऊ म्हणाला, आल्यावर न्हातो, तेच बरं, आणि पंप घेऊन गेला. मी ओसरी सारवली, रांगोळी काढली. दूर रानातून पंपाच्या दांड्याचा आवाज यायचा, खटक खटक, दोन पंपांचा, कधी एकदम, कधी एकामागं एक. मध्येच तो थांबायचा, म्हणजे विहिरीवर टिपाडात पुन्हा दवाई कालवत आहेत. मग पुन्हा खटक खटक. फटाके त्या दिवशी फारसे वाजत नव्हते, दमट हवेत वाती धरत नव्हत्या. मला तो आवाज आज जितका आठवतो तितका त्या दिवाळीचा दुसरा कोणता आठवत नाही.

दोघं परत आले ते दुपारी, चित्रपट लागायच्या थोडं आधी. त्यांच्याआधी त्यांचा वास अंगणात आला. पराटी डोक्याच्या वर, वारा नाही. मारलेलं सगळं परत त्यांच्याच अंगावर पडलेलं. भाऊचा शर्ट पाठीवर चिकटून काळा झाला होता. मायनं गंजाकडं बोट दाखवलं. भाऊनं हौदावर हात-पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाला की आता सुरू होते, संपल्यावर निवांत न्हातो. थावरूभाऊनंही हात धुतले. मायनं त्याला अंगणात पाटावर बसवून फराळाचं ताट दिलं, करंज्या, शेव, गरम सांभारवडी. त्यानं एक करंजी खाल्ली आणि गमछानं तोंड पुसलं. पुन्हा पुसलं.

"तोंडाले लय पानी सुटून राह्यलं, काकी," तो म्हणाला.

आम्ही सगळे हसलो. मायला तर बरंच वाटलं. सकाळपासून ती कोणाशी नीट बोललीही नव्हती. तिनं त्याला रुक्मीसाठी करंज्या पळसाच्या पानात बांधून दिल्या. भाऊनं त्याला टीव्ही पाहायला थांबवलं, पण त्याचा जीव घराकडं होता. डोकं जड झालं आहे, जरा पडतो, मग दिवे निघायच्या वेळेला ताजा होतो, असं म्हणून तो गेला.

चित्रपट सुरू झाला. शब्बीरचाचा खुर्चीवर, बाबा तक्क्याला टेकून पाय लांब करून, माय दाराच्या चौकटीशी, भाऊ अगदी टीव्हीसमोर मांडी घालून. होस्टेल रिकामं झालं होतं. सगळी पोरं घरी गेलेली, फक्त सतरा नंबरची पोरं राहिलेली. लांबच लांब मोकळा व्हरांडा आणि टोकाला वॉर्डनसाहेब कंदील घेऊन उभे. न दिसणारी माणसं हसली. भाऊ हसला नाही. त्यानं डोळे चोळले.

"निमा, अँटेना पाय वं," तो म्हणाला. "चित्र धुंद दिसून राह्यलं."

मला तर चित्र स्वच्छ दिसत होतं. तरी मी शिडी चढले. पाइप थोडा फिरवला. खालून भाऊ म्हणाला, नाही, अजून. मी अजून फिरवला. शब्बीरचाचांचा आवाज आला, की होतं ते बरं होतं, आता मुंग्या आल्या. भाऊ म्हणाला, अजून. वरून मला सगळीकडचं आभाळ दिसत होतं, काळंनिळं, खाली आलेलं. तांड्याच्या वाटेवर थावरूभाऊ जाताना दिसला. नाल्याच्या अलीकडं तो वाटेवरच खाली बसला. मला वाटलं, चपलेचा अंगठा तुटला असावा. मग तो उठला, थोडा चालला आणि नाल्याच्या उतारात दिसेनासा झाला. मी पाइपाला आणखी एक हिसका दिला. खाली टीव्हीचा आवाज फाटला, खरखर सुरू झाली, चित्र पुरतं गेलं असणार. बाबांनी ओरडून विचारलं, की आता कसं दिसते.

"तसंच हाय," भाऊ म्हणाला. "काहीच फरक नाही."

मी वाकून पाहिलं, तर शब्बीरचाचा खुर्चीवरून उठले होते. मी पाइप परत जागेवर आणला आणि शिडी उतरले. पडद्यावर पोरं पणत्या लावत होती, गोल्डीच्या हातातली पणती पुन्हा पुन्हा विझत होती, आणि दर वेळी ती माणसं हसत होती. चाचांनी भाऊची हनुवटी धरून त्याचा चेहरा अंगणाच्या उजेडाकडं वळवला होता. भाऊला घाम सुटला होता. नुसता घाम नाही, कपाळावरून धारा. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि ती त्याला कळत नव्हती. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. मी त्या पाहिल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहताना मी आधी तेवढंच पाहत असे.

"देविदासभाऊ," चाचा बाबांना हळू म्हणाले, "याले जहर चढलं. माझ्या साळ्याच्या पोराचं पांढरकवड्याले असंच झालतं. शर्ट काढा त्याचा."

मायनं तो शर्ट काढला नाही, फाडला. चाचांनी आणि तिनं त्याला अंगणात नेलं, साबण लावला, आणि गंजातलं पाणी, सकाळी त्याच्या न्हाण्यासाठी तापवून आता कोमट झालेलं, त्याच्या अंगावर ओतलं. माझ्या रांगोळीवरून ते पांढुरकं पाणी वाहत गेलं. भाऊच्या दंडाची कातडी आतून किडे चालल्यासारखी उडत होती. त्याला उलटी झाली. तो काहीतरी सांगू पाहत होता, पण जीभ जड झाली होती. चाचांनी जीप काढली. मागच्या बाकावर मायनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बाबांचा पाय जीपमध्ये लवकर चढेना, तेव्हा चाचांनी त्यांना थांबवलं आणि विचारलं, "सोबत कोन होतं त्याच्या?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "थावरूभाऊ वाटेत खाली बसलता."

चाचांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "मी याले यवतमाळले नेतो. तुमी त्याले पाहा." जीप गेली. ओसरीत टीव्ही तसाच चालू होता. तो बंद करायला कोणाला सुचलं नाही.

बाबांनी बैलबंडी जुंपली. त्या पायानं त्यांनी ती कशी जुंपली मला ठाऊक नाही, पण मी दावं सोडलं न सोडलं तोच बैल जुवाखाली होते. तांडा लांब नव्हता, पण नाल्यात चिखल होता आणि बैल थावरूभाऊचं ऐकत तसं बाबांचं ऐकत नव्हते. दिवेलागणीची वेळ झाली होती. तांड्यातल्या पोरी नवे घागरे घालून एका अंगणात गोळा झाल्या होत्या, हातात दिवे, कोणाचा लागलेला, कोणाचा लागायचा. रुक्मी त्यांच्यात होती. मला पाहून तिनं दिवा वर केला. तिच्या घरासमोर बाजेवर थावरूभाऊ पडला होता आणि बाजूला दोन-तीन माणसं हसत उभी होती. त्यांच्यातल्या एकानं बाबांना सांगितलं, की थावरू राठोड आज लवकरच लावून आला, एका दिव्याचे दोन दिसतात म्हणतो. कमळाबाई घरात भांडी आपटत होती. सणाच्या दिवशी, पोर पहिल्यांदा निघते त्या दिवशी, असं काहीतरी ती मोठ्यानं बोलत होती.

बाबा बाजेवर वाकले. त्यांनी त्याच्या तोंडाचा वास घेतला, पापणी वर केली, आणि कमळाबाईला हाक मारली. फक्त नाव घेतलं. ती बाहेर आली आणि त्यांच्या तोंडाकडं पाहून तिच्या हातातला तांब्या खाली पडला. 'दारू नाही,' एवढंच बाबा म्हणाले. हसणाऱ्या माणसांनीच त्याला उचलून बंडीत ठेवलं. कमळाबाई त्याच्याजवळ बसली, पदरानं त्याचं तोंड पुसत राहिली, आणि ते पुसून होईना. रुक्मी दिवा घेऊन तशीच बंडीच्या मागं पळत आली, 'याडी, याडी' करत. याडी म्हणजे आई. मी तिला वर ओढून घेतलं. मोठ्या रस्त्यावर एखादा ट्रक मिळेल, असं बाबा म्हणत होते, स्वतःशीच. रस्ता आला. सणाचा रस्ता, रिकामा. थावरूभाऊच्या छातीतून पाण्यात बुडबुडे यावेत तसा आवाज येत होता. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. पहिलं वाहन दिसलं तेव्हा तो आवाज थांबला होता. बाबांनी हात वर केला नाही. ते वाहन निघून गेलं.

त्या संध्याकाळी तांड्यातून दिवे निघाले नाहीत.

भाऊ वाचला. पहिले काही दिवस तर त्याला बांधून ठेवावं लागलं, असं माय सांगायची. इंजेक्शनांनी तो बरळायचा, भिंतीवरची पाखरं हाकलायचा. भाऊबीज दवाखान्यातच झाली, मी नव्हते. डॉक्टर शब्बीरचाचांना म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर फुप्फुसात पाणी भरलं असतं. थावरूचं कोणी भाऊला सांगितलं नव्हतं. तो विचारायचा आणि माय म्हणायची, बरा आहे. घरी आल्यावर तो अंगणात उतरला, हौदापाशी ठेवलेला एकच पंप पाहिला आणि तिथंच बसला. दुसरा, थावरूभाऊच्या पाठीवरचा, बाबांनी नाल्यात फेकून दिला होता. मग कोणालाच काही सांगायची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी तो तांड्यावर गेला. पाय लटपटत होते, म्हणून सोबत मी होते. कमळाबाई दारात निवडणं घेऊन बसली होती. तिनं त्याला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो जमिनीवरच बसला. फार वेळ सूप हलत राहिलं.

"मले एक सांगा, विनूभाऊ," शेवटी ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव विचारावा तसा. "दोघायनं संगंच मारलं. तुमाले कसं समजलं?"

भाऊ खाली पाहत होता. "टीव्ही पाहत होतो," तो म्हणाला. "चित्र धुंद दिसे. शब्बीरचाचानं वळखलं."

ती सूप हलवायची थांबली. "तोही म्हनत होता," ती म्हणाली. "दिवे धुंद दिसतात म्हने. मी त्याले भांडली. शुद्ध होती तवापर्यंत मी त्याले भांडतच होती."

मी पुष्कळ माणसांना रडताना पाहिलं आहे, पण त्या दोघांसारखं न रडता बसलेलं कोणाला पाहिलं नाही. जाताना भाऊ म्हणाला, की तो थावरूला बोलवायला आला नसता तर. कमळाबाई म्हणाली, "हो." एवढंच. तिनं त्याचं ओझं उचललं नाही आणि वाढवलंही नाही.

आमच्या घरी पुन्हा रविवार आले, मालिकाही काही दिवस चालली, पण ओसरीत कोणी जमलं नाही. त्या चित्रपटात पुढं काय झालं, हे मला माहीत नाही, आणि भाऊलाही नाही. पुढच्या हंगामात त्यानं एक नवीनच काम अंगावर घेतलं. गावात, तांड्यावर, कोणी फवारा मारला की संध्याकाळी हा बॅटरी घेऊन त्यांच्या दारात. डोळे पाहायचा. तोंडाला पाणी सुटतं का, डोकं जड आहे का, दिवा एक दिसतो की दोन, असं विचारायचा. आधी लोक हसले. त्याला डॉक्टर म्हणू लागले. काहींनी दारातून परत पाठवलं. मग एका वर्षी त्यानं एका पोराला रात्र पडायच्या आत यवतमाळला पोचवलं, आणि त्यानंतर कोणी हसलं नाही. आता तर बाया निरोप पाठवतात. कमळाबाई गेली त्याला बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत ती आमच्या रानात कापूस वेचायला आली नाही, पण तांड्यात भाऊ आला की पाण्याचा तांब्या तीच बाहेर आणून ठेवायची.

या दिवाळीला मी माहेरी, बोरीला होते. भाऊ आता साठीचा, केस पांढरे, कंगवा फिरवायला फारसं उरलेलंही नाही. आभाळ तसंच भरलेलं होतं, वारा नव्हता. दिवेलागणीला रुक्मीचा फोन आला, तांड्यावरून. ती सासरी गेलीच नाही, नवरा इथंच राहिला, आणि तो सकाळी कोणाच्या तरी रानात फवाऱ्याला गेला होता. डोळे चुरचुरतात म्हणे. भाऊनं बॅटरी घेतली आणि गेला. मी आणि वहिनी ओसरीत बसलो. टीव्ही लावलेला होता, वहिनीनं त्याचा आवाज बंद केला. बऱ्याच वेळानं तो आला, कोपरापर्यंत हात धुतले आणि म्हणाला, काही नाही, बाहुली मोठी आहे, साधी चुरचुर आहे. वहिनीनं ताट वाढलं. तो जेवायला बसला. भाताचे दोन घास घेतले असतील, तोच हात थांबला. तो बाहेर अंधारलेल्या अंगणाकडं पाहत राहिला, मग ताटातच हात धुवून उठला.

"अजून एकदा पाहून येतो," म्हणाला.